एक वाक्य दुरुस्त करायला पन्हाळ्याला

गेल्या महिन्यात पन्हाळ्याच्या एका शाळेत मी आर्क्टिकबद्दल बोलले आणि सातवीच्या मुलांना एक वाक्य चुकीचं सांगून आले: समुद्रावरचा बर्फ कमी झाला की तिथली हवा उन्हाळ्यात सगळ्यात जास्त तापते. घरी येऊन तपासलं, तर उलटंच. नेहमीच्या सरासरीपेक्षा मोठी वाढ दिसते ती शरदात आणि हिवाळ्यात. चौथीपर्यंत मला आईनं घरीच शिकवलं, आणि चूक तपासून सुधारल्याशिवाय ताटावर बसू दिलं नाही. तीस वह्यांत माझी चूक निवांत बसली आहे, या विचारानं मला घास उतरेना.

"फोन कर की सरांना," आत्या म्हणाली. ती पुण्याहून चार दिवस माहेरी आली होती.

"फोनवर कसं पटणार? काहीतरी दाखवायला हवं."

"एका वाक्यासाठी वीस किलोमीटर? चल, मी बी येतो. वाटंत मिसळ खाऊ."

शनिवारी शाळा सकाळची, म्हणून साडेसहाला स्कूटीवर निघालो. तुम्हीही लवकरच निघा, नाहीतर उसाच्या ट्रॉलीमागे रांगत जावं लागतं. वाघबिळाला मुख्य रस्ता सोडला की घाट लागतो. त्याच्या अलीकडे, केर्लीपुढं, पत्र्याच्या शेडमधली मिसळ चुकवू नका.

रश्श्याची वाटी आली. वाफ अजिबात नव्हती. "निवलाय," म्हणत आत्यानं मोठा घोट घेतला आणि बाकावरून उठलीच.

मालक हसत आले. "वाफ न्हाय बघून फसलासा व्हय पावणं? वर तेलाचा तवंग हाय. खाली आग हाय आग!"

"माझं म्हायेर हितलंच हाय," आत्या जीभ बाहेर काढून म्हणाली.

"मग तर लाजच की!"

मी चमच्यानं तवंग बाजूला सारला. भस्सकन वाफ चष्म्यावर आली आणि मला माझा धडा दिसला. आत्याच्या थर्मासमधला चहा आम्ही पिऊन टाकला आणि त्यात उकळता रस्सा भरून घेतला. आत्या अजूनही त्या थर्मासबद्दल बोलते.

पन्हाळ्याच्या नाक्यावर प्रवेश कर भरायला सुटे पैसे ठेवा. धुक्यात तटबंदी सुंदर दिसत असणार. मी मात्र पाठ केलेली वाक्यं पुटपुटत होते.

वर्गात दोन वाट्या मांडल्या, एकीचा तवंग काढला. मुलांनी हात वर धरून वाफ पाहिली. "बर्फ असा झाकणासारखा असतो," मी म्हणाले. "उन्हाळ्यात बरीचशी उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते, म्हणून हवा शून्याजवळच रेंगाळते. पण जिथं पाणी उघडं पडतं, ते काळं पाणी ऊन पोटात साठवतं. मग थंडी येते. आता बर्फ उशिरा धरतो, पातळ धरतो, आणि साठवलेली ऊब हवेत सुटते. समुद्र काही मिसळीसारखा गरम नसतो हं. हवेपेक्षा कमी गार, एवढंच."

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "म्हंजे ताई, गेल्या येळी तुमी चुकलासा?"

"हो. चुकले."

वर्गाला एवढा आनंद झाला म्हणता! तीस पेनं एकदम उघडली. माझ्या वाक्यावर काट मारताना काहींनी पट्टी वापरली.

"आणि ह्या वाट्यांचं काय?" दारात उभ्या मुख्याध्यापकांनी विचारलं.

"सर, साहित्य वाया घालवू नये," मागून आवाज आला. वाट्या पुसून निघाल्या.

दुपारी घरी येऊन मी पोटभर जेवले. सोमवारी मुख्याध्यापकांचा फोन आला.

"काय वाईट सवय लावून गेलात ओ बाई! आता मी फळ्यावर काहीही लिहिलं की पोरं विचारत्यात, 'सर, तपासलंय काय?'"

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? तपासलं की. तीन चुका निघाल्या."