रेल्वेकडची भिंत

आमच्या थोरल्या काकांसारखं घर सजवणारा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्यासारखं चुकीच्या बाजूनं सजवणारा तर साऱ्या मराठवाड्यात झाला नसेल. चुडाव्याला आमचं घर स्टेशनाच्या अलीकडे, पूर्णेच्या बाजूला होतं. दार गावाकडे, पाठ रुळांकडे. नवरात्र जवळ आलं की घरातल्या बायका दसरा काढायच्या. म्हणजे गोधडी न् गोधडी, भांडं न् भांडं नदीवर नेऊन धुवायच्या आणि घर सारवून लख्ख करायच्या. काकांचा दसरा मात्र मागच्या भिंतीवर निघायचा. पुढच्या दाराला झेंडूचं तोरण लागलं तर लागलं. काकू म्हणायची, "घराचं तोंड इकडं हाय, अन् तुमी पावडर पाठीला लावायलाव." काका गेरू भिजत घालत.

हा नाद त्यांना लागला तो निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी. आदल्या दसऱ्याला रजाकारांच्या धास्तीनं आम्ही दिवासुद्धा बेतानंच लावला होता. त्याचं उट्टं म्हणून काकांनी मागची भिंत पांढऱ्या मातीनं पोतारली आणि तिच्यावर आढ्यापर्यंत तिरंगा काढला. गेरूचा पट्टा, मातीचा पट्टा आणि वालाच्या पाल्याच्या रसाचा पट्टा. ऊन लागताच हिरवा काळपट पडला, पण काकांची छाती काही खाली आली नाही. पुढे दरसाल हत्ती, मोर, ज्वारीची कणसं अशी भरच पडत गेली. माती ते जिभेवर ठेवून पारखत; खारट लागली की भरलेली बैलगाडी पुन्हा नदीवर. शिंदीच्या काडीचं टोक ठेचून कुंचला करत आणि हत्तीची शेपटी मनासारखी उतरेपर्यंत जेवायला येत नसत. भिंत झाली की धुतलेला सदरा घालून, पूर्णेचं तिकीट काढून खिडकीशी बसत आणि शेजारच्या उतारूला, काही ठाऊक नसल्यासारखं, ही भिंत कोणाची म्हणून विचारत. एकदा एकजण म्हणाला, असेल कोणी रिकामटेकडा. काका घरी येऊन अभिमानानं सांगू लागले, की चालत्या गाडीतूनसुद्धा त्या गृहस्थाला सगळं स्वच्छ दिसलं.

मग ताईचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या लेकीचं, लग्न सेलूला झालं. मांडवात व्याह्यांना मानाचा फेटा बांधायला घेतला तर तो आखूड निघाला. व्याही रुसले. काकांनी हात जोडले असते तर तिथंच मिटलं असतं, पण ते म्हणाले, फेटा बरोबर आहे, डोकंच मोठं आहे. झालं. त्या दिवसापासून ताईला माहेर बंद. पंचमी नाही, दिवाळी नाही. पण तिच्या सासरचं कुलदैवत माहूरचं. नवरात्रात ती मंडळी सेलूहून गाडीनं नांदेडला जात आणि जाताना आमच्या भिंतीवरून जात. भिंत आता कोणासाठी सजते हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं, बोलत मात्र कोणी नव्हतं. काका एवढंच म्हणत, रेल्वेतल्या लोकांनाही सण असतो.

एका वर्षी ताईला दिवस गेल्याची बातमी आली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण व्याही तिला धाडतील अशी चिन्हं नव्हती. काकांनी निरोप पाठवला नाही, मध्यस्थ घातला नाही. त्यांनी भिंतीवर आजवरचा सगळ्यात मोठा हत्ती काढला आणि अंबारीत खुद्द व्याह्यांना बसवलं. डोक्यावर फेटा असा, की वर आढ्याला टेकलेला आणि शेमला हत्तीच्या पायांपर्यंत आलेला. काकूनं कपाळाला हात लावला. ही माफी हाय का चेष्टा, तिनं विचारलं. सेलूची मंडळी गाडीनं जायची त्या दिवशी काका पहिल्यांदाच भिंतीकडे पाठ करून बसले.

गाडी भिंतीवरून गेली, स्टेशनात थांबली आणि सुटली. थोड्या वेळानं शेताच्या वाटेनं व्याही ताडताड येताना दिसले. मागून विहीणबाई, जावई आणि सगळ्यांत मागं ताई. व्याही भिंतीसमोर उभे राहिले. वरपासून खालपर्यंत त्यांनी स्वतःला नीट बघून घेतलं.

"फेटा बरा बांधलाव," ते शेवटी म्हणाले. "पर मिशी माझी अशी पडेल न्हाई."

काकांनी कुंचला उचलला आणि तिथल्या तिथं मिशीला पीळ दिला. मग वाकून व्याह्यांच्या पायाला हात लावला. माझ्या उभ्या आयुष्यात मी काकांना कोणापुढे वाकताना बघितलं ते तेवढंच, आणि ते मला तेव्हा जेवढे मोठे वाटले तेवढे पुन्हा कधी वाटले नाहीत. चहा झाला. व्याही म्हणाले, आम्ही माहूर करून येतो, पोरगी राहू द्या इथंच, बाळंतपण होईस्तोवर.

सासरची मंडळी स्टेशनाकडे गेल्यावर ताई भिंतीजवळ गेली. बराच वेळ ती हत्तीवरून हात फिरवत होती.

"दादा," ती काकांना म्हणाली, "लय मोठी हाय ओ ही भिंत. गाडीतनं पुरी दिसायच्या आतच जायची."

काकांनी हाताची माती धोतराला पुसली, घरातून बाज आणून भिंतीसमोर टाकली आणि म्हणाले, "मग आता बस. बघ निवांत."