छत्तीसशेची खोली

रत्नपाल एसटीत बावीस वर्षं ड्रायव्हर होता आणि त्यातली अकरा वर्षं मी त्याचा कंडक्टर. श्रीवर्धन डेपोत आमच्या जोडीबद्दल फारसं चांगलं बोललं जात नसे, कारण आमची गाडी उशिरा पोचायची आणि उशिराचं कारण बहुतेक वेळा रत्नपाल असायचा. एकदा म्हसळ्याला एक म्हातारी उतरली. तिचे पाच रुपये सुटे माझ्याकडे राहिले. मी विसरलो होतो, असं मी आजही सांगतो. गाडी स्टँडबाहेर पडली होती. रत्नपालने आरशात पाहिलं, गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "गणराज, जा. तिचे पैसे देऊन ये." चाळीस माणसं खोळंबली आणि मी भर उन्हात म्हातारीमागे धावत सुटलो. संध्याकाळपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. असल्या माणसाबरोबर अकरा वर्षं काढणं सोपं नव्हतं, पण त्याच्या मागच्या सीटवर मी घाटातसुद्धा निर्धास्त झोपायचो.

पुढे त्याचे गुडघे गेले आणि त्याने मुदतीआधीच निवृत्ती घेतली. दिवेआगरच्या घराचे पत्रे वादळात उडाले होते. मिळालेल्या पैशातून त्याने घर शाकारलं आणि मागच्या अंगाला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. फाटकावर स्वतःच्या हाताने पाटी रंगवली : 'एक खोली, एक रात्र, अठराशे रुपये. सर्वांना सारखा दर.' घासाघीस करणाऱ्याला तो सरळ समुद्राचा रस्ता दाखवायचा. पहिल्या वर्षी खोल्या रिकाम्याच होत्या. दुसऱ्या वर्षीपासून शनिवार-रविवार भरू लागल्या. "बघ, सरळ दर लावला की लोकं येतात," हे त्याने मला टपरीवर इतक्यांदा ऐकवलं, की मला ते पाठ झालं होतं. एसटीची पेन्शन किती असते ते विचारू नका. बायको जयमाला शाळेत शिक्षिका, मुलगी प्राप्ती पनवेलला नोकरीला. ऑनलाइन बुकिंगचं ती तिथूनच बघायची. आज दोन माणसं, उद्या चार, एवढा निरोप बापाला आला की तो चादरी बदलायला लागायचा.

गाडी सुटली तरी रत्नपालचं स्टेअरिंग सुटलं नाही. प्राप्तीचा जुना कॉम्प्युटर घरी आला, त्याला खेळातलं स्टेअरिंग आणि पायाशी ब्रेक-क्लच जोडले गेले, आणि हा बाबा दुपारच्या जेवणानंतर पडद्यावर बस चालवू लागला. कुठल्या तरी गोऱ्या देशातली बस, पण हा प्रत्येक थांब्यावर थांबणार, उतारावर गिअर कमी करणार आणि आडवं येणाऱ्याला अस्सल श्रीवर्धनी शिव्या घालणार. मी शेजारी खुर्ची टाकून बसायचो. "तिकीट, तिकीट," असं मी एकदा म्हणालो तर हसला नाही. म्हणाला, "गप बस, वळण हाय."

त्या खेळाचा नवा भाग वर्षापूर्वी आला होता. त्यात सगळे घाटरस्ते. रत्नपालचा जीव त्यात अडकला. आणि एके दिवशी खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर झळकलं : तीन हजार दोनशे, त्यावर लाल काट. खाली नऊशे साठ. सत्तर टक्के सूट. शेजारी उलटं पळणारं घड्याळ, पाच तास शिल्लक. त्याने मला फोन करून बोलावून घेतलं.

"घेऊ का रे?"

"तीन हजाराचा होता कशावरून?" मी विचारलं. कंडक्टरची जात, संशय आधी.

"लिवलंय ना तिथं," तो म्हणाला.

इथेच तो फसला, आणि त्याच्यासारखाच माणूस असा फसू शकतो. एसटीत भाडेवाढ झाली की जुन्या दराच्या तक्त्यावर आम्ही काट मारायचो आणि खाली नवा लिहायचो. काट मारलेला आकडा कालपर्यंत खरोखर लोकांनी मोजलेला असायचा. छापलेला दर खोटा असू शकतो, हे बावीस वर्षांत त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. त्याने घड्याळाला घाबरून घाईघाईत पैसे भरले आणि वरून मला चहा पाजला.

शनिवारी प्राप्ती आली. बापाने मोठ्या कौतुकाने तिला घाट दाखवले आणि किंमतही सांगितली. तिने तिथल्या तिथे फोनवर काहीतरी उघडून त्याच्यासमोर धरलं. जुन्या किमतींचा आलेख होता. तो भाग वर्षभर साडेनऊशेलाच विकला जात होता. सेलच्या दहा दिवस आधी एकदम तीन हजार दोनशे झाला आणि मग सूट.

"म्हंजे मी धा रुपये जास्त दिले?"

"हो पप्पा. सगळे असंच करतात."

रत्नपाल असा चिडला, की मला म्हसळ्याची म्हातारी आठवली. त्याने जयमालावहिनींकडून इंग्रजीत तक्रार लिहून घेतली. उत्तर आलं : आपल्या प्रतिसादाबद्दल आभार. मग आठवडाभर तो स्टँडवर, पानपट्टीवर, विहारातल्या सभेनंतरसुद्धा एकच सांगत राहिला. दहा रुपयांचं काही नाही, खोटं लिहून माझ्याकडून घाई करून घेतली, हा चोरांचा धंदा हाय. लोक हसायचे. मला मात्र त्याचं पटत होतं, आणि अभिमानही वाटत होता. असं चिडणारं माणूस आता उरलंय कुठे?

पुढच्या रविवारी आम्ही अंगणात बसलो होतो. ठाण्याहून आलेली एक बाई निघताना पैसे देत म्हणाली, "खोली छान आहे हो काका. छत्तीसशेची खोली अठराशेत म्हणजे आम्ही लॉटरीच समजतो."

"छत्तीसशे कोन बोललं तुमाला?"

तिने फोन पुढे केला. रत्नपालची खोली, रत्नपालचा हसरा फोटो, खाली यजमान म्हणून रत्नपालचं नाव. वर छत्तीसशे, त्यावर लाल काट. पन्नास टक्के सूट, फक्त आज.

त्याने फोन परत दिला. बाईंची बॅग उचलून गाडीत ठेवली. मी त्याला अकरा वर्षं रोज पाहिलं होतं, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. आलेख कुठे बघायचा हे मुलीला इतकं पटकन कसं सापडलं, ते त्याला आता कळलं होतं.

प्राप्ती याही शनिवारी घरी आली होती आणि त्याच संध्याकाळी पनवेलला परत जायची होती. बॅग खांद्याला लावून ती ओटीवर आली, तेव्हा त्याने विचारलं. तिने काहीच नाकारलं नाही.

"आधी मी अठराशेच लिहिलेलं, पप्पा. वर्षभर एक माणूस आला नाही. बाजूच्या सगळ्यांच्या आकड्यांवर काट होती. मग मी पण मारली. तिसऱ्या दिवशी बुकिंग आलं."

"म्हंजे लोकं माज्या दराला आली न्हाईत?"

तिने बॅगेचा पट्टा सारखा केला. दारातून जयमालावहिनी म्हणाल्या, "अहो, मला ठाऊक होतं. तुम्ही खुशीत होता, मग कशाला सांगायचं?"

त्याने बायकोकडे पाहिलं, मग मुलीकडे. घरातल्या दोन माणसांनी दोन वर्षं त्याच्या नावाने खोटं विकलं होतं आणि तो गावभर आपल्या सरळपणाचे गोडवे गात फिरला होता. मला त्याची दया आली. त्या घरातून उठून जावंसं वाटलं, पण पाय निघेना.

"काढ ते. आत्ता."

प्राप्तीने पान उघडलं आणि फोन त्याच्या हातात दिला. "तुम्हीच काढा. इथे दाबलं की गेलं. मला पण नकोय ते, खरंच. पण दिवाळीचं अजून एकही बुकिंग झालेलं नाही, एवढं लक्षात घ्या."

त्याने चष्मा लावला. अंगठा पुढे केला. मी म्हसळ्याच्या स्टँडवरचा रत्नपाल बघत होतो, तो कुणाचं ऐकणार नाही याची मला पैज लावण्याइतकी खात्री होती. तो मागच्या दोन खोल्यांकडे बराच वेळ बघत राहिला. दोरीवर चादरी वाळत होत्या.

"दिवाळी होऊ दे," तो म्हणाला. "मग बघू."

मला त्याचा असा संताप आला, की त्या क्षणी एखादा शब्द वेडावाकडा गेला असता. पण तेवढ्यात प्राप्तीकडे लक्ष गेलं. फोन परत घेताना तिचे डोळे भरले होते.

"मला वाटलेलं, तुम्ही तरी काढाल," ती म्हणाली आणि शेवटची गाडी पकडायला फाटकाबाहेर पडली.