हालचाल वहीतली नोंद

ती घटना आठवली की डोळ्यांसमोर आधी येतो तो प्राचार्यांच्या खोलीतला, हार घातलेला एक फोटो. पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोर अर्धा तास बसलो होतो आणि मला तो दिसला नव्हता. नोकरीत अशा न दिसलेल्या गोष्टी पुष्कळ. ही त्यांतली एक.

मी तेव्हा नाशिकच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. पंचवटीच्या पुढे, द्राक्षबागा मोडून जिथे वसाहती झाल्या, तिथलं एक लहान महाविद्यालय आमच्या हद्दीत होतं. एका सोमवारी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत असताना तिथल्या प्राचार्य मॅडम आणि उपप्राचार्य सर अर्ज घेऊन आले. कॉलेजचा कारभार तिघं पाहत. हे दोघं आणि कार्यालयीन अधीक्षक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. तिघांच्या मासिक बैठकांचं पाच वर्षांचं इतिवृत्त एका रजिस्टरमध्ये होतं, आणि ते मॅडमच्या कपाटातून नाहीसं झालं होतं. गुरुवारी कॉलेजला श्रेणी देणारी मूल्यांकन समिती येणार होती.

"गुन्हा दाखल करा, साहेब," उपप्राचार्य म्हणाले. वयानं तरुण, बोलणं घाईचं. "आतलंच कोणीतरी आहे. आजच्या आज उचला."

"कोणाला उचलू?"

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मी गुन्हा न नोंदवता अर्ज चौकशीवर ठेवला आणि हवालदारांना घेऊन कॉलेजात गेलो. आमचे हवालदार देवळ्याकडचे, कांदा पिकवणाऱ्या घरातले. बोलत कमी, बघत जास्त.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडेही होत्या. उपप्राचार्यांनी समितीला पाठवण्यासाठी पानांचे फोटो काढून ठेवले होते. ते त्यांनी मोबाईलवर दाखवले. हवालदार वाकून बघत राहिले.

"सर, एक इचारू का? पाच वर्षं एकच पेन पुरलं?"

"म्हणजे?"

"लय भारी पेन हाय. कुठं मिळतं सांगा, आम्हाला बी घ्यायचंय."

मॅडमनी मान खाली घातली. मी हसलो नाही. ठाण्यात केस डायरी आठवडाभर तुंबली की आम्हीही ती एका बैठकीत लिहून काढतो. अशा लिखाणातलं अक्षर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारखंच थकत जातं. ते ओळखायला मला तज्ज्ञ लागत नव्हता.

"निर्णय खरे आहेत, साहेब," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "आम्ही तिघं रोज साडेदहाला इथे चहा घेतो. मुलींच्या बसची वेळ बदलून घेतली, प्रयोगशाळा दुरुस्त केली, सगळं या चहावर ठरलं. लिहायचं तेवढं राहून गेलं. समितीची तारीख आली तेव्हा सरांनी चार दिवस बसून सगळ्या बैठका लिहिल्या."

निघताना फाटकाजवळच्या उपाहारगृहातल्या मावशींनी मला हाक मारली. हातात पळी तशीच.

"मी सांगितलं म्हणून सांगू नका. शनिवारी भाऊसाहेब पिशवी घेऊन गेले. इतकी वर्षं बघते, या माणसानं इथून कागदाचं चिटोरं घरी नेलं नाय. छत्री नेतात, ती बी स्वतःची."

मंगळवारी भाऊसाहेबांना ठाण्यात बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी. निवृत्तीला चार महिने उरले होते. माझ्या एका सहीनं गुन्हा नोंदवला जाणार होता. मग निलंबन, खात्याची चौकशी, आणि आयुष्यभर जपलेल्या नावापुढे चोर हा शब्द. हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"रजिस्टर तुमच्याकडे आहे?"

"आहे." त्यांनी पिशवीवर हात ठेवला.

इतक्या लवकर कबुली देणाऱ्या माणसाची मला नेहमी काळजी वाटते. तो एक तर दुसऱ्याला वाचवत असतो, नाही तर खरा प्रश्न त्याला अजून कोणी विचारलेलाच नसतो. मी वेगवेगळ्या बाजूंनी विचारून पाहिलं.

"मॅडमशी वाद?"

"छे."

"उपप्राचार्यांशी?"

"ते माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. वाद कसला घालायचा."

"मग समितीसमोर कॉलेजची फजिती व्हावी, असं वाटत होतं?"

या प्रश्नावर ते पहिल्यांदा दुखावले. रुमालाची घडी मोडून त्यांनी पुन्हा घातली. "साहेब, पानांचे फोटो पाहिलेत ना तुम्ही? मग उपस्थितांची नावं वाचा. आणि तारखा."

फोटो मी मागवून घेतले होते. एकेक पान वाचू लागलो. उपस्थित : प्राचार्य, उपप्राचार्य, अधीक्षक. उपप्राचार्य म्हणून सुरुवातीच्या वर्षांत आधीच्या सरांचं नाव होतं. ते नाव वाचलं आणि प्राचार्यांच्या खोलीतला, नजरेखालून नुसता गेलेला तो फोटो मला आत्ता दिसला. खाली पितळी पट्टीवर हेच नाव होतं. मी मॅडमना फोन लावला आणि पट्टीवरची निधनाची तारीख वाचून घेतली.

त्या तारखेनंतर नवे उपप्राचार्य येईपर्यंत सात महिने जागा रिकामी होती. त्या सातही बैठकांना गेलेले सर हजर होते. चार दिवसांच्या घाईत नव्या सरांनी नावांची तीच यादी पानामागून पान उतरवली होती. एका ठरावाला तर गेलेल्या सरांनी अनुमोदनही दिलं होतं.

"आम्ही रोज एकत्र डबा खायचो," भाऊसाहेब म्हणाले. "त्यांना खांदा दिलाय मी. आणि शुक्रवारी माझ्यापुढे रजिस्टर आलं सहीला, त्यात ते येऊन बसलेत. मी नव्या सरांना म्हटलं, सर, हे बघा काय झालंय. तर म्हणाले, भाऊसाहेब, वाचतंय कोण?"

"मॅडमना सांगायचं होतं."

"त्यांनी लगेच पान बदलून घेतलं असतं. मला पान बदलून नको होतं."

मी समजावून सांगितलं, कारण काहीही असो, न विचारता दस्तऐवज नेला की कायदा त्याला चोरी म्हणू शकतो. त्यावर ते चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले.

"न विचारता नेलाय, पण न सांगता नाही. नोंद आहे की!"

"कुठे?"

"हालचाल वहीत."

कार्यालयातून एखादी फाईल हलली की ती कोणी, केव्हा, कशासाठी नेली हे ज्या वहीत लिहितात, ती हालचाल वही. आम्ही सगळे कॉलेजात गेलो. वही भाऊसाहेबांच्या टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी पडलेली होती. शनिवारची नोंद नीट रकान्यांत होती. इतिवृत्त रजिस्टर, नेणाऱ्याचं नाव, वेळ, सही. कारणाच्या रकान्यात 'दुरुस्तीसाठी', आणि परतीच्या रकान्यात 'मा. प्राचार्यांनी बैठक बोलावल्यावर'.

"ही वही बघतं कोण?" उपप्राचार्य पुटपुटले.

"मी बघतो," भाऊसाहेब म्हणाले.

चोरीला लबाडीचा इरादा लागतो. चोर वेळ घालून सही करत नाही. माझ्यापुरतं प्रकरण तिथे संपलं होतं, पण मॅडम वही हातात घेऊन उभ्याच होत्या. मग त्यांनी पिशवीतलं रजिस्टर मागून घेतलं, ती सात पानं वाचली आणि खुर्चीत बसल्या.

"सर, मागे कोरी पानं आहेत. लिहायला घ्या. आजची तारीख, आत्ताची वेळ."

"मॅडम, परवा समिती..."

"समितीला जे खरं आहे ते सांगू. चहा घेतला, कामं केली, बैठका लिहिल्या नाहीत. काय द्यायची ती श्रेणी देतील." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "विषय पहिला, शोकप्रस्ताव. तो आपण कधी मांडलाच नाही, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. ते ज्याची वाट पाहत होते, ते हेच होतं.

उपप्राचार्यांनी पेन उघडलं आणि थांबले. घाई गेली होती. "काय लिहू? मी सरांना पाहिलेलं नाही."

"गणित शिकवायचे," भाऊसाहेब सांगू लागले. "नापास मुलाला घरी बोलवायचे. आधी जेवायला वाढायचे, मग पेपर दाखवायचे."

ते सांगत गेले, हे लिहीत गेले. मग आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. हवालदारांनी टोपी काढून हातात धरली होती. दाराशी मावशी चहाचा ट्रे घेऊन थबकल्या होत्या.

मॅडमनी अर्ज मागे घेतला. श्रेणी एक पायरी खाली आली, पण कॉलेज चालू राहिलं. भाऊसाहेब चार महिन्यांनी शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. पुढे एका कार्यक्रमात उपप्राचार्य भेटले. बैठक आता ठरल्या दिवशी होते म्हणाले, आणि हालचाल वही ते स्वतः बघतात.

मी त्या प्रकरणातून पोलीस म्हणून शिकलो ते एवढंच, की भिंतीवर काय लावलंय ते आधी बघावं. बाकीचं समजायला मला उशीर लागला. माझी पत्नी गेली त्याला दीड वर्ष झालं. आम्ही दोघंही वाचनालयाचे सभासद. तिच्या कार्डाची वर्गणी मी भरत राहिलो, तिच्या नावावर पुस्तकं आणत राहिलो. खिडकीवर कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. गेल्या महिन्यात एकदा रांगेत उभा असताना भाऊसाहेबांची ती नोंद आठवली आणि तिचं कार्ड मी खिडकीत ठेवलं.

"बंद करायचंय? शेऱ्यात काय लिहू?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"निधन झालं, असं लिहा," मी म्हणालो. आजारपणात तिचं एक पुस्तक अर्ध्यावर राहिलं होतं. ते मी माझ्या नावावर घेतलं आणि घरी येऊन वाचायला बसलो. तिची खूण होती, त्याच पानापासून.