वेल बाटलीवर राहील का?

"सुषमाबेन, टेस्ट नंतर करू ना," भावेशभाई म्हणाले. आवाज गोड होता, नजर नव्हती. पण मी बाटली बर्फाच्या पाण्यात आधीच सोडली होती.

काशीमीऱ्याला आमचं काचेवर प्रिंटिंग करायचं युनिट आहे. भावेशभाई मालक, प्रोडक्शन मी बघते. समोर अनघा मॅडम बसल्या होत्या. नाशिककडे त्यांची छोटी वायनरी, पहिलीच व्हाइट वाइन बाजारात येणार होती. वाइन टाकीत तयार, लाँचची आमंत्रणं गेलेली. अडलं होतं ते बाटल्यांवर.

त्यांना बाटलीभर जांभळी वेल हवी होती. कागदी लेबल नको, म्हणजे मार्ग दोनच. यूव्ही प्रिंटिंगची शाई खास दिव्याखाली लगेच सुकते. रंग झकास येतो, पण काचेच्या वरवर बसतो. सिरॅमिक शाईत काचेचीच पूड असते. छापून बाटली भट्टीत भाजली की रंग काचेशी एकजीव होतो. मात्र रंग मोजकेच, आणि बाटली तडकायची भीती.

यूव्हीचं सॅम्पल मॅडमना आवडलं होतं. भावेशभाईंनी हो म्हणून टाकलं होतं, ऑर्डर तेवढी पक्की व्हायची बाकी होती. आधी प्रायमरचा हात दिला तर यूव्हीही टिकते, पण आमच्याकडे ती सोय नाही. आणि व्हाइट वाइन हॉटेलात बर्फात ठेवूनच देतात.

मी बाटली बाहेर काढली. "मॅडम, अंगठ्याने घासून बघा."

त्यांनी घासलं. वेलीचं एक पान अंगठ्याला चिकटून आलं.

"हे मला आज कळतंय?" त्यांचा आवाज चढला. "लाँच रद्द करू का?"

"मॅडम, सुषमाबेन जरा जास्तच..." भावेशभाई सुरू झाले.

"त्यांना बोलू द्या."

"सिरॅमिकची ट्रायल आत्ताच लावते," मी म्हटलं. "थांबाल?"

त्या थांबल्या. पहिल्या बाटल्या भट्टीतून बाहेर येताना टक्, टक् आवाज झाला. तडकत होत्या. तापलेली काच सावकाश थंड व्हावी लागते. मी बाटल्या भट्टीतून नेणाऱ्या बेल्टचा स्पीड उतरवला. भावेशभाई मागे येऊन पुटपुटले, "ये भी गया तो पार्टी गई." पार्टी म्हणजे आमचं गिऱ्हाईक.

या वेळी बाटल्या धड आल्या. पण बेल्ट हळू केल्यामुळे रंग जास्त भाजला होता. जांभळ्याचा मळकट तपकिरी झाला होता.

मॅडमनी हातमोजा घालून बाटली उजेडात फिरवली.

"पांढऱ्यात होईल?"

"होईल. पांढरा भट्टीत फसवत नाही."

पांढऱ्या वेलीची बाटली त्यांनी स्वतः बर्फात बुडवली, घासली, वर गाडीच्या किल्लीने ओरखडलीसुद्धा. काही निघालं नाही. लाँच ठरल्या दिवशी झाला.

जांभळी वेल देता आली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पण सॅम्पल पसंत पडणं वेगळं आणि माल टिकणं वेगळं. पार्टी आपल्यावर रागवायचीच असेल, तर ती ऑर्डरच्या आधी रागवलेली बरी.