डबीतलं मशीन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही... बायकोलाही नाही. भुतंखेतं, अंगात येणं असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. फावल्या वेळात घड्याळं उघडून बसणारा माणूस मी. स्प्रिंग फिरवते म्हणून चाक फिरतं, एवढंच मला ठाऊक.

नोकरी सांगलीला. छंद एकच—चावीची चिनी मनगटी घड्याळं जमवायचा. मिळायची ती फौजेतून सुट्टीवर येणाऱ्यांकडून. माझा मित्र मारुती, सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचा, असंच एक गंगटोकच्या बाजारातून घेऊन आला होता. आतलं मशीन इतकं देखणं, की मी मागेच लागलो. तो हसून मनगट मागं घ्यायचा—"मेल्यावर बी देत न्हाई गड्या तुला!"

एकाहत्तरच्या लढाईत मारुती गेला. त्याच्या ट्रंकेतून घड्याळ घरी आलं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी त्याला चावी द्यायच्या, कानाला लावायच्या, मगच कामाला लागायच्या.

पुढं ते मागं पडायला लागलं म्हणून त्यांनी विश्वासानं माझ्याकडे दिलं. आणि मी... मी आतलं चिनी मशीन काढून घेतलं आणि दुसरं, साधं बसवलं. बाहेरून सगळं तेच—तबकडी, काटे, चावी, पट्टा.

परत द्यायला गेलो, तर वहिनींनी आधी कानाला लावलं.

"आवं भावजी, ह्याचा आवाज बदललाय."

"तेल टाकलंय वयनी. बदलणारच."

त्यांनी ते पुन्हा एकदा कानाला लावलं.

चोरलेलं मशीन मी पत्र्याच्या डबीत, कापसात ठेवलं. माझ्याकडच्या एका बंद चिनी घड्याळात ते बसवायचं होतं, पण हात धजेना. चावी तर वहिनींच्या घड्याळावरच राहिलेली. म्हणजे डबीतल्या मशीनला चावी देणं शक्यच नव्हतं.

तरीही ते चालायला लागलं.

मी दाढी करत होतो. बायको म्हणाली, "आवं, कपाटात किडा शिरलाय का? कवाधरनं टिकटिक करतोय." डबी उघडली... मशीन चालू! असल्या घड्याळाची चावी दीड दिवसात उतरते. हे महिनोन्‌महिने थांबलं नाही. भिंग लावून बघायचो—रोज सकाळी स्प्रिंग पुन्हा घट्ट भरलेली.

मग एका सकाळी ते बंद होतं.

डबी खिशात घातली आणि एस.टी. पकडली. वाटभर डोक्यात एकच—रोज सकाळी चावी देणारा हात थांबला, म्हणजे वहिनी गेल्या.

वहिनी दारात शेळीला पाला घालत होत्या.

"भावजी! असं अचानक? आन् तोंड का उतरलंय?"

मी घड्याळाचं विचारलं.

"ट्रंकेत ठिवलं. कालपासनं चावीच देत न्हाई."

"का बरं?"

"त्यात त्यांचा आवाज न्हाई. लय दिवस दिली चावी, म्हटलं कवातरी येईल..." त्यांनी पाल्याची फांदी शेळीपुढं सरकवली. "परक्याला रोज कशाला जागं करू?"

डबी माझ्या खिशातच होती. मी चहा प्यालो आणि परत आलो.

ते मशीन कसं चालत होतं, मला आजही सांगता येत नाही. त्यानंतर ते कधी चाललं नाही.

वहिनी म्हसवडातच आहेत. त्यांचं मशीन माझ्याकडे आहे. ते त्यांच्या घड्याळात परत बसवून, मीच काढलं होतं हे त्यांना तोंडावर सांगणं... एवढं त्यांचं देणं माझ्याकडे अजून आहे.