चादरीच्या अलीकडे

माझ्या भावाला घरात सगळे धाकट्याच म्हणतात. दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागते आणि भल्याभल्या फलंदाजांनी त्याच्यापुढे मान तुकवलीय, पण आमच्यासाठी तो धाकट्या तो धाकट्याच. तुमचा भाऊ एवढा वेगवान गोलंदाज कसा झाला हो, असं लोक मला विचारतात. मी सांगते, चादरी धुऊन. त्यांना वाटतं मी थट्टा करतेय.

आमचं लॉन्ड्रीचं दुकान. पुढे बाबांचं इस्त्रीचं टेबल, मागे लांबलचक अंगण आणि अंगणभर दोऱ्या. हॉटेलांच्या चादरी वाळत असायच्या. आई हौदावर, मी घड्या घालायला, आणि हा दिवटा दोन दोऱ्यांच्या मधून चेंडू घेऊन धावत सुटायचा. टोकाच्या भिंतीवर कोळशाने काढलेले स्टंप, आणि त्यांच्यासमोर कपडे बडवायचं धोपाटणं हातात धरून मी. चेंडू लागून माझ्या पोटऱ्यांवर तेव्हा कायम एखादा काळानिळा डाग असायचा.

वेग त्याच्यात जन्मतःच होता, पण खोड वाईट. रेषा ओलांडायची. गोलंदाजाचा पुढचा पाय पडतो तेव्हा निदान टाच तरी रेषेच्या मागे हवी, नाहीतर नो-बॉल, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी "नो" म्हटलं की हा लगेच कानावर हात ठेवणार.

"नव्हता पुढे. तू घाबरून डोळे मिटतेस, ताई."

मी, आणि घाबरून! माझं डोकं असं फिरलं म्हणता. मी दोरीवरची एक पांढरी शुभ्र चादर ओढली, रेषेपासून त्याच्या पावलाएवढी जागा सोडून पुढे अंथरली आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. टाच रेषेपुढे सरकली की बोटं चादरीवर पडणार. डाग पडला की पुरावा तयार. आणि आईचा कायदा घरात सगळ्यांना सारखा होता: ज्याने मळवलं, त्याने धुवायचं.

पहिल्या दिवशी तो दिवेलागणीपर्यंत हौदावर होता. दुसऱ्या दिवशीही. बोटं सुरकुतली, रडला, मला चेटकीण म्हणाला. बाबा इस्त्री फिरवता फिरवता म्हणाले, "हॉटेलवाल्याला काय सांगू, तुमच्या चादरीवर कोणाचा पाय आहे?" पण पावसाळा लागेपर्यंत चादर कोरी राहायला लागली. मग मी ती उचलून टाकली आणि विषय संपला असं समजले.

पुढचं सगळं वर्तमानपत्रांत आलंय. शाळा, क्लब, मग देशाचा संघ. पहिल्याच दौऱ्यात त्याने समोरच्यांची अशी काही दाणादाण उडवली की आमच्या गल्लीत लोक ओळखपाळख न बघता पेढे वाटत होते. दौऱ्यावरून आला की मात्र तो आपले पांढरे कपडे घेऊन गुपचूप हौदावर बसायचा. चेंडू मांडीवर घासून घासून पँटीवर लाल पट्टा पडतो, तो जाता जात नाही. कोपऱ्यावर ज्याचा भलामोठा फोटो लागलाय तोच माणूस हौदावर ब्रश घासत बसलेला बघून गिऱ्हाइकं चाट पडायची. आई म्हणायची, "बाहेर असशील कोणी मोठा. इथे आधी गार पाण्यात भिजव."

पण जित्याची खोड ती. मोठ्या संघाच्या सरावात पंच कुठला? सगळे गोलंदाज वीतभर पुढे पाय टाकतात, कोणी हूं की चूं करत नाही. ह्याचाही पाय सरकला. आणि एका मालिकेच्या निर्णायक सामन्यात, विजय अगदी हातातोंडाशी आलेला असताना, ह्याने समोरच्या कर्णधाराचा मधला स्टंप उडवला. हा हात पसरून धावतोय, आणि मागे पंचाने आपला एक हात आडवा धरलेला. नो-बॉल. त्या कर्णधाराने मग शतक ठोकलं आणि सामना घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांनी ह्याला 'रेषापार' असं नाव ठेवलं. मी तो पेपर भिजवून दुकानाच्या काचा पुसल्या.

त्यात पाठीने दगा दिला. मणक्याला बारीक चीर. किती महिने तो कमरेला पट्टा बांधून छताकडे बघत पडला होता, मला आठवायचं नाही. बरा झाला तेव्हा वय गोलंदाजाच्या मानाने उतरणीला लागलं होतं. निवड समितीच्या प्रमुखांचा फोन आला. त्याच संघाविरुद्ध, आपल्याच मैदानावर, एक कसोटी. जमलं तर पुढे बघू, नाहीतर इथेच थांबू.

फोन ठेवून तो अंगणात उलट्या बादलीवर बसला.

"ताई, मान राखून आपणच सोडून देऊ का?"

"सोड की," मी म्हटलं. "बाबांचे हात दुखतात, इस्त्रीला माणूस हवाच आहे. पण तुला गरम इस्त्रीची भीती वाटते."

तो हसला नाही. "चेंडू टाकायची भीती नाही गं वाटत. पाय टाकायची वाटते."

एवढा मोठा माणूस असं बोलला आणि मला भडभडून आलं. मी आत गेले आणि कपाटातली सगळ्यात पांढरी चादर काढली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी मैदानावर मी आणि माझी चादर. नवे गोलंदाज तोंड फिरवून हसायचे. एकजण म्हणाला, "बाई, इथे झोपायला मनाई आहे." मी म्हटलं, "तुझाच पाय ठेवून बघ." तो धावत आला आणि त्याचा पाय चांगला टाचेसकट चादरीवर पडला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यांवर विटा ठेवायला तोच आला.

आता खिळ्यांचे बूट, त्यामुळे नुसता डाग नाही, भोकंच पडायची. आईने कायदा वाढवला: ज्याने फाडलं, त्याने शिवायचं. देशाचा गोलंदाज रोज दुपारी नाकाशी सुई धरून दोरा ओवत बसायचा आणि बाबा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "टाका जवळ घाल." हळूहळू भोकं कमी झाली. मग सुई डब्यात गेली.

सामन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघं स्टँडमध्ये होतो. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं. एक विकेट हवी, त्यांना थोड्याच धावा हव्यात, आणि समोर पाय रोवून तोच कर्णधार. आईने माझं मनगट असं धरलं होतं की बोटं बधिर झाली.

धाकट्या धावत आला. मला फक्त मधला स्टंप उडालेला दिसला.

सगळं मैदान उठलं, आणि पंचाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पाय तपासायचा होता. हजारो माणसं मोठ्या पडद्याकडे बघत होती. एकटा धाकट्या पडद्याकडे पाठ करून उभा होता. तो आमच्या स्टँडकडे बघत होता. आणि त्याने दोन्ही हात पसरले, मग हवेतल्या हवेत चादरीची घडी घालावी तसे जुळवले. एकदा, परत एकदा, आणि घडी काखेत मारली.

आईने माझं मनगट सोडलं. "झालं," ती म्हणाली.

मग पडद्यावर पाय आला. टाच रेषेच्या मागे होती, चांगली दोन बोटं मागे. पुढचा आवाज मला सांगता येणार नाही. बाबा, जे लग्नातही नाचले नव्हते, ते बाकावर उभे राहून टोपी फिरवत होते. ती घडी घालायची खूण गल्लीतली पोरं अजून करतात, त्यांना वाटतं ती काहीतरी फॅशन आहे. त्यानंतर तो आणखी काही वर्षं देशासाठी खेळला.

त्या सामन्यानंतर घरी आला, सगळ्यांच्या पाया पडला, चहा प्यायला, आणि सवयीने पिशवीतली पँट काढून हौदाकडे निघाला. मांडीवर लाल पट्टा, गुडघ्यावर गवताचा हिरवा डाग. मी त्याच्या हातातून ती हिसकावून घेतली.

"अगं, मळवली मी. कायदा आहे ना?"

"हात लावशील तर बघ," मी म्हटलं, आणि ती घेऊन दुकानात गेले.

इतकी वर्षं मी लोकांचे डाग काढतेय. पण ती पँट तशीच दुकानात इस्त्रीच्या टेबलामागे टांगलेली आहे, आणि ती धुवायची राहिली का असं एखादं नवं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा आई हौदावरूनच सांगते, "ती धुवायची नाही."