दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी

धातू कापताना मशीनवर सोडतात त्या कूलंटचा वास आला की अंबडचा तो कारखाना आठवतो. आदल्या दिवशी गोदाकाठी वडिलांचा दहावा झाला होता आणि मी मुंडण केलेल्या डोक्याने कामावर आलो होतो. मशीन चालवणाऱ्या संगणकावर लिनक्सचं अपग्रेड अर्ध्यावर अडकलं होतं, तो काहीच इन्स्टॉल करून घेत नव्हता, त्यामुळे मशीन बंद होतं. "अरे, आज कशाला आलास?" सुपरवायझरांनी विचारलं. "घरी सगळे रडतायत. मला रडूच येत नाहीये," मी म्हणालो. ते खुर्ची ओढून शेजारी बसले. अर्धवट बसलेली सॉफ्टवेअरची पॅकेजेस मी एकेक करून काढली, पुन्हा बसवली. दुपारी मशीन सुरू झालं, तेव्हा मी पुढचं काम विचारलं. वडिलांच्या शेवटच्या दिवसांतलं आता फारसं आठवत नाही. त्या दिवशी टाइप केलेल्या कमांड मात्र अजून तोंडपाठ आहेत.